शेजाऱ्याला सांगितलेला रस्ता

बसा. जिथे आत्ता असाल तिथेच.

फोन हातात असेल तर असू द्या. आज आपल्याला त्याच्याच मागे मागे, बरंच आत जायचं आहे.

खांदे सैल सोडा. एक श्वास आत घ्या. तो आपण होऊन बाहेर जाऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक खोली आणा. खोली मुंबईतली आहे. बाहेर ऊन आहे, हॉर्न आहेत, घामेजलेली गर्दी आहे. आत गारठा. खिडकी एकही नाही. शेकडो पंख्यांची एकसुरी घरघर तेवढी आहे.

त्या आवाजाशी भांडू नका. थोडा वेळ तो नुसता ऐका.

माणसाहून उंच लोखंडी रॅक ओळीने उभे आहेत. पिवळ्या आवरणातल्या फायबरच्या बारीक वायरी वरून उतरतात, वळतात, जुडग्यांनी पुढे जातात. प्रत्येक वायरीत काचेचा एक तंतू आहे. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड धावतो आहे.

एका रॅकपाशी थांबा. छातीच्या उंचीवर एक राउटर आहे. चपटा, करड्या रंगाचा. समोर हिरवे दिवे, एकमेकांशी ताल न जुळवता लुकलुकणारे.

आज हा एकच राउटर बघायचा आहे.

घाई नाही.

*

या राउटरजवळ जगाचा नकाशा नाही.

हे वाक्य सावकाश आत उतरू द्या.

तुम्ही पाठवलेला फोटो जर्मनीत पोचतो, कॅनडातल्या भाचीचा आवाज तुमच्या कानाशी येतो. वाटेत कितीतरी राउटर लागतात. त्यातल्या एकानेही अख्खं जग पाहिलेलं नसतं.

इंटरनेट म्हणजे पाऊण लाखाच्या घरातली वेगवेगळी नेटवर्क. कुठे टेलिफोन कंपनी, कुठे विद्यापीठ, कुठे बँक. प्रत्येकाला एक क्रमांक आहे. पण सगळ्यांना रस्ते आखून देणारं कार्यालय कुठेही नाही.

राउटरला फक्त शेजारी माहीत असतात.

शेजारी सांगतो, 'या पत्त्यांकडे माझ्यामार्फत जाता येतं.' त्याला ते त्याच्या शेजाऱ्याने सांगितलेलं असतं. त्या शेजाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याने.

असं ऐकत ऐकत आपला राउटर पत्त्यांच्या सुमारे १० लाख गटांचे रस्ते जाणतो. हे झाले जुन्या पद्धतीचे पत्ते. नव्या पद्धतीचे वेगळेच.

ज्या भाषेत हे बोलणं चालतं, तिला बीजीपी म्हणतात. बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात अभियंत्यांची एक बैठक भरली होती. तिथे जेवणाच्या टेबलावर कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा कागदी रुमालांवर काढला. तेव्हाची गरज भागवायला केलेली ती सोय होती. आज सगळं जग तिच्यावर चालतं.

एवढं कळलं की पुरे. पुन्हा राउटरकडे या.

*

आता शांतता ऐकायची आहे.

दोन शेजाऱ्यांना एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं, तेव्हा ते काय करतात?

मधूनमधून एक इवलासा निरोप पाठवतात. त्याला कीपअलाइव्ह म्हणतात. त्याची लांबी १९ बाइट. पहिल्या १६ बाइटांत नुसते १, १, १, १. पुढच्या दोनांत लांबी. शेवटच्या एकात निरोपाचा प्रकार.

मजकूर काहीच नाही.

'मी आहे', एवढाच त्याचा अर्थ.

बीजीपीच्या मानकात सुचवलेला काळ असा आहे: ९० सेकंदांत काहीच ऐकू आलं नाही तर शेजारी गेला असं समजावं. आणि या काळाच्या साधारण एक तृतीयांशाने, म्हणजे दर ३० सेकंदांनी, आपण आहोत हे कळवत राहावं. काही राउटर याहून सावकाश चालतात. आपला राउटर ३० सेकंदांचा आहे असं धरा.

३० सेकंद. सावकाश घेतले तर पाचसहा श्वास.

घ्या.

एक श्वास आत. बाहेर.

पुन्हा आत. बाहेर.

घाई न करता उरलेलेही घ्या. मोजायचे असतील तर मोजा, नाहीतर सोडा.

एवढ्यात एक कीपअलाइव्ह गेला. पलीकडूनही एक आला. घड्याळ पुन्हा शून्यावर आलं.

तुम्ही झोपलेले असता तेव्हाही हे चालू असतं. दिवाळीच्या पहाटे, भर पावसात, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी. ज्या शेजाऱ्याशी वर्षभर भांडण नाही, तंटा नाही, त्यालाही दर अर्ध्या मिनिटाला सांगायचं, मी आहे.

मला यात मोठी माया दिसते. यंत्राला माया नसते हे ठाऊक असूनही दिसते. कारण हे लिहिणारी माणसं होती. कुणी गप्प झालं तर ते उगाच गप्प आहे असं समजायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

*

आता थोडं जवळ या.

राउटरसमोर लॅपटॉप जोडलेला आहे. काळ्या पडद्यावर अक्षरं आहेत. एकाच ठिकाणाकडे जाणारे रस्ते तिथे एकाखाली एक लिहिले आहेत.

ठिकाण आहे २०३.०.११३.०. हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, तो खऱ्या कुणाचा नाही. नेटवर्कांचे पुढचे क्रमांकही तसेच राखीव. आपल्या बघण्याने कुणाला त्रास होऊ नये.

तीन ओळी आहेत.

पहिली: ६४४९६, ६४५१०.

दुसरी: ६४४९७, ६४५१०.

तिसरी: ६४४९८, ६४४९९, ६४५१०.

प्रत्येक ओळ म्हणजे एका शेजाऱ्याने सांगितलेला रस्ता. प्रत्येक आकडा म्हणजे वाटेतलं एक नेटवर्क. शेवटचा आकडा तिन्ही ओळींत एकच, कारण पोचायचं तिथेच आहे.

उजवीकडून डावीकडे वाचा. ६४५१० ने सांगितलं, 'हे पत्ते माझे.' ज्याने ऐकलं त्याने पुढे सांगताना स्वतःचा क्रमांक आधी लिहिला. पुढच्याने स्वतःचा. निरोप जिथून जिथून आला त्या प्रत्येकाची सही त्यावर आहे.

आणि त्या सह्यांत राउटरला स्वतःच्याच नेटवर्कचा क्रमांक दिसला, तर तो रस्ता घेत नाही. फिरून फिरून आपल्याकडेच येणारी वाट त्याला एवढ्यावरून ओळखता येते.

तीन ओळी. तिन्ही खऱ्या. तिन्ही पोचवणाऱ्या.

निवडायची एक.

थांबा इथे. लगेच निवडू नका.

*

राउटर एकेक प्रश्न विचारतो. ठरलेल्या क्रमाने. एका प्रश्नाने निवाडा झाला की पुढचा विचारत नाही.

त्याच्याबरोबर चला.

पहिला प्रश्न: मला सांभाळणाऱ्या माणसांची काही इच्छा आहे का?

याला लोकल प्रेफरन्स म्हणतात. एक आकडा असतो, तो मोठा असेल त्या रस्त्याला मान. पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून आलेला रस्ता सहसा वर ठेवतात. बरोबरीच्या नात्यातल्या नेटवर्कचा त्याखाली. ज्याला आपण पैसे मोजतो त्याचा सर्वांत खाली. करार, पैसा, जुने संबंध, सगळं या एका आकड्यात येऊन बसतं.

म्हणजे सर्वांत आधी माणूस बोलतो. अंतर नंतर.

तिसऱ्या ओळीला इथे २०० मिळाले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण आज तिन्ही ओळींना १०० आहेत. समान.

श्वास घ्या. पुढे चला.

दुसरा प्रश्न: वाटेत नेटवर्क किती?

मोजा. पहिल्या ओळीत दोन. दुसरीत दोन. तिसरीत तीन.

तिसरी ओळ मागे राहते.

इथे एक गोष्ट हळूच लक्षात घ्या. राउटरने किलोमीटर मोजले नाहीत. वेळ मोजली नाही. गर्दी किती आहे तेही पाहिलं नाही. त्याने फक्त नेटवर्क मोजली. त्यातल्या एकाच आकड्यात अख्खा अटलांटिक महासागर मावलेला असू शकतो. 'सर्वोत्तम' असं ज्याला तो म्हणतो, तो रस्ता सर्वांत जलद असेलच असं नाही.

हे मनाला लागतं थोडं. लागू द्या.

तिसरा प्रश्न, रस्त्याचा उगम कसा नोंदवलाय? समान. चौथा, एकाच शेजारी नेटवर्कशी आपली दोन दारं असतील, तर त्याची स्वतःची पसंती कोणत्या दाराला? इथे शेजारी वेगवेगळे आहेत, म्हणून हा प्रश्न गळतो. पाचवा, रस्ता थेट बाहेरून कळला की आपल्याच घरातल्या दुसऱ्या राउटरकडून? दोन्ही बाहेरून. सहावा, आपल्या हद्दीतून बाहेर पडायला कोणता जवळ? सारखेच.

दोन ओळी उरल्या आहेत. पहिली आणि दुसरी. कशातही फरक नाही.

आता?

पुष्कळ राउटर इथे एक प्रश्न विचारतात, तो मला फार आवडतो. आधी कोण आलं?

दोन्ही बाहेरच्या रस्त्यांत सगळं सारखं असेल, तर जो आधीपासून इथे आहे तो राहू द्या. नवा आला म्हणून जुन्याला उठवू नका. कारण आपण रस्ता बदलला की शेजाऱ्याला सांगावं लागतं, त्याला त्याच्या शेजाऱ्याला सांगावं लागतं. विनाकारण एक खळबळ जगभर जाते. स्थिर राहणं हीसुद्धा इथे निवड आहे.

दुसरी ओळ आधी आलेली आहे.

आणि यानेही निवाडा झाला नसता तर? तर शेजाऱ्यांच्या ओळखक्रमांकांपैकी लहान क्रमांकाचा रस्ता. त्यात कुणाचं कर्तृत्व नाही, कुणाचा दोष नाही. कुठेतरी थांबावं लागतं, म्हणून तिथे थांबायचं.

पडद्याकडे बघा.

तिन्ही ओळींच्या डावीकडे एक एक चांदणी आहे. चांदणी म्हणजे हा रस्ता खरा, चालण्याजोगा. दुसऱ्या ओळीच्या चांदणीशेजारी आणखी एक खूण उमटली आहे. उजवीकडे तोंड केलेला छोटा कोन.

*>

बस, एवढंच. निवड झाली ती अशी दिसते.

त्या खुणेवर नजर राहू द्या. जितका वेळ राहील तितका वेळ.

*

आता जे होतं, ते दाखवायला मी तुम्हाला इथे आणलं आहे.

राउटर शेजाऱ्यांना सांगायला वळतो. त्याच्याकडे तीन रस्ते आहेत. तो एकच सांगतो.

कोणता?

ज्यावरून तो स्वतः जातो आहे, तो.

बीजीपीच्या रचनेत हे अगदी मुळाशी बसवलेलं आहे. जो रस्ता मी वापरतो, तोच मी पुढे सांगू शकतो. ऐकीव, चांगला वाटणारा, पण मी न वापरलेला रस्ता मी कुणाला सांगत नाही.

पुन्हा एकदा, हळू. जो वापरतो, तोच सांगतो.

तुम्ही कधी परक्या गावात एसटीतून उतरला असाल. पानाच्या टपरीवर रस्ता विचारला असेल. एक जण पाच रस्ते सांगतो, हा असा, तो तसा, पण त्यातल्या एकावरूनही तो आयुष्यात गेलेला नसतो. दुसरा म्हणतो, 'मी तिकडेच राहतो. मी या बाजूने जातो.' तुम्ही कुणामागे जाता?

आठवून बघा तो चेहरा. मग पुन्हा पंख्यांच्या आवाजाकडे या.

सांगण्यालाही इथे मर्यादा आहे. कोणता रस्ता कुणाला सांगायचा, हे पुन्हा माणसांनी लिहिलेल्या नियमांवर ठरतं. आणि एकदा सांगितलं की त्याच ठिकाणाबद्दल लगेच पुन्हा बोलायचं नाही. बाहेरच्या शेजाऱ्यासाठी मानकाने सुचवलेला विराम आहे ३० सेकंदांचा.

तेवढ्यात कदाचित आणखी बदल होईल. तो होऊ द्यावा. मग एकदाच सांगावं.

आपण किती घाईने सांगत सुटतो, हे आत्ता मनात आलं असेल. आलं असेल तर येऊ द्या, जाऊ द्या.

*

उरलेल्या दोन ओळींकडे बघू या.

पहिली ओळ, तिसरी ओळ. त्यांच्यासमोर चांदणी आहे, कोन नाही.

त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. राउटरच्या स्मृतीत एक जागा आहे, जिथे शेजाऱ्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं ठेवलं जातं. दुसरी जागा आहे, जिथे निवडलेलं ठेवलं जातं. तिसरी, जिथे पुढे सांगायचं ठेवलेलं असतं. ऐकलेलं, निवडलेलं, सांगायचं. तीन वेगळे कप्पे.

पहिल्या कप्प्यात खूप आहे. तिसऱ्यात थोडं.

न सांगितलेले रस्ते तिथे निमूट पडून असतात. दिवसेंदिवस. त्यांच्यावरून आपल्या माहितीचं एक पॅकेटही जात नाही. शेजाऱ्यांना ते आहेत हेही कळत नाही.

त्यांच्याजवळ थोडं बसा.

काही करायचं नाही. ते आहेत, एवढं जाणवू द्या.

*

३० जानेवारी २००८.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशी दोन केबल तुटतात. एक फ्लॅग युरोप-एशिया, दुसरी सी-मी-वी ४. दोन्ही मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या. भारतात इंटरनेट रांगायला लागतं. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत लोक पडद्यावरचं फिरतं वर्तुळ बघत बसतात.

आपण त्या लोकांत जायचं नाही. राउटरपाशीच थांबायचं.

पश्चिमेकडचा शेजारी बोलत असतो, आणि मग बोलत नाही.

९० सेकंदांचं घड्याळ उतरत जातं. कधीकधी वायरीतला उजेडच जातो, मग तेवढंही थांबावं लागत नाही. त्या शेजाऱ्याने आजवर सांगितलेलं सगळं राउटर एका फटक्यात बाजूला काढतो. हजारो, लाखो ओळी.

ज्या ठिकाणाकडे दुसरी ओळच उरली नाही, त्याबद्दल तो इतर शेजाऱ्यांना कळवतो, 'हा रस्ता आता माझ्याकडे नाही.' याला विथड्रॉ म्हणतात. त्यात कारण लिहायला जागाच नाही. केबल तुटली, वीज गेली, कुणाचा हात चुकला, काहीही असो. निरोप तेवढाच. आता नाही.

आणि बाकीच्या ठिकाणांसाठी तो उरलेल्या ओळींकडे वळतो.

त्या निमूट पडून राहिलेल्या.

पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमाने. माणसांची इच्छा? नेटवर्क किती? कोनाची खूण एका ओळीवरून उठून दुसरीवर बसते. पश्चिमेला जाणारा रस्ता आता पूर्वेला जातो. सिंगापूरवरून, पॅसिफिक ओलांडून, अमेरिकेतून, मागच्या बाजूने युरोपात. लांब पडतो, गर्दी होते, पण पोचतो.

हे सगळं सुरळीत होतं असं समजू नका. प्रत्येक राउटर आपापल्या माहितीने निवडतो, आणि ती माहितीही बदलत असते. एक रस्ता निवडला, सांगितला, तोही गेला. दुसरा निवडला, तोही गेला. जगभर अशी शोधाशोध काही वेळ चालते. मग हळूहळू निवळते.

समुद्रात जहाज येऊन केबल जोडेपर्यंत दिवसांवर दिवस जातात. तोवर ज्या ओळींचं नाव कुणी घेतलं नव्हतं, त्या ओळी भार वाहतात.

श्वास घ्या. लांब.

*

आता एक अवघड गोष्ट बघायची आहे. तिच्यापासून नजर वळवू नका.

त्याच वर्षी, २४ फेब्रुवारीला, पाकिस्तान टेलिकॉमच्या नेटवर्कने एक घोषणा केली: २०८.६५.१५३.० पासूनचा पत्त्यांचा एक छोटा गट माझ्यामार्फत. पत्ते यूट्यूबचे होते. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचं होतं, आणि ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती बाहेर गेली. बाहेरच्या एका मोठ्या नेटवर्कने ती न तपासता पुढे दिली.

यूट्यूब स्वतः मोठा गट सांगत होतं. पॅकेट पुढे धाडताना राउटर नेहमी जास्त नेमक्या, लहान गटाच्या रस्त्याने जातो. म्हणून जगभरच्या राउटरांनी तो छोटा गट उचलला. वापरला. आणि वापरला म्हणून पुढे सांगितला.

थांबा.

यातला जवळजवळ प्रत्येक राउटर आपल्या नियमाला धरून होता. प्रत्येकाने जे स्वतः वापरलं तेच सांगितलं. तरीही रस्ता चुकीचा होता. सुमारे दोन तास जगातला मोठा भाग यूट्यूब शोधत पाकिस्तानकडे वळत राहिला.

मनापासून चाललेला रस्ताही चुकू शकतो.

या जाणिवेजवळ बसणं सोपं नाही. तरी बसू या. उत्तर शोधायला धावू नका.

आज पत्त्यांचा मालक सहीशिक्का केलेली नोंद करू शकतो, की हे पत्ते अमुक क्रमांकाचं नेटवर्कच सांगेल. राउटर ती नोंद पडताळून खोटा उगम नाकारू शकतो. ज्या ज्या नेटवर्कनी हे सुरू केलं, त्यांनी मोलाचं काम केलं असं मी मानतो. पण ती पडताळणी उगमाची आहे. वाटेतल्या बाकी सह्यांवर अजूनही बहुतेक ठिकाणी विश्वासच ठेवावा लागतो.

*

त्या संध्याकाळचा मिनिटामिनिटाचा हिशेब उपलब्ध आहे. जागतिक वेळेनुसार १८:४७ ला चुकीची घोषणा, २०:०७ ला यूट्यूबची तेवढ्याच छोट्या गटाची घोषणा, २१:०१ ला चुकीचा रस्ता मागे.

हे कुणाला कसं कळलं?

कुणीतरी ऐकत होतं म्हणून.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने आणि अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाने काही यंत्रं ठेवली आहेत. जगभरची नेटवर्क स्वखुशीने त्यांच्याशी शेजार जोडतात, आणि आपण निवडलेले रस्ते त्यांना कळवतात. या यंत्रांतून कुणाची वाहतूक जात नाही. ती ऐकतात आणि लिहून ठेवतात.

पण एक उणीव राहते. शेजाऱ्याला जे सांगितलं जातं, ते फक्त निवडलेलं. कोन असलेली एक ओळ. बाकीच्या ओळी खोलीबाहेर येत नाहीत.

राउटरने काय काय ऐकलं होतं? कशातून हे निवडलं?

हे कळायला आणखी एक सोय आली. २०१६ मध्ये तिचं मानक ठरलं. नाव बीएमपी. राउटर एका निरीक्षण करणाऱ्या यंत्राला शेजाऱ्यांकडून आलेलं सगळं, निवडीच्या आधीचं, जसंच्या तसं कळवू शकतो. २०२२ मध्ये त्यात भर पडली: ऐकलेल्यातून शेवटी काय निवडलं, तो मधला कप्पाही आता थेट कळवता येतो.

या जोडणीत एक नियम आहे. निरीक्षण करणारं यंत्र राउटरला एकही निरोप पाठवत नाही. एकही नाही. सल्ला नाही, दुरुस्ती नाही, होकारही नाही.

ते ऐकतं.

आता तुम्हीही तसंच बसा. तुमच्यात आत्ता काय काय चाललं आहे? एखादी काळजी असेल. एखादा अर्धवट निर्णय, कुणाला काय सांगायचं याची जुळवाजुळव. मागे ठेवून दिलेल्या, अजून चालण्याजोग्या काही वाटा.

त्यांना काही म्हणू नका. निवडू नका. ढकलू नका.

येईल ते येऊ द्या, आणि ऐका.

पाचसहा श्वास.

*

आता खोलीतून बाहेर या. हातपाय हलवा, पाणी प्या.

आणि एक विनंती. अनेक नेटवर्क 'लुकिंग ग्लास' नावाचं पान सर्वांसाठी उघडं ठेवतात. तिथे एखादा पत्ता टाकला की त्या नेटवर्कच्या राउटरने ऐकलेले रस्ते दिसतात, आणि त्यातला कोणता निवडला तेही. पैसे लागत नाहीत, बऱ्याच ठिकाणी परवानगीही लागत नाही. संगणकाचं शिक्षण नसलं तरी क्रमांकांच्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचता येतात, आता तुम्हाला येतात. सवड काढून एकदा एका ठिकाणाचे रस्ते वाचून बघा.